आकाशावरचा हक्क आणि जालन्याचा प्रवासी

दुबईच्या विमानतळावरून २०२४ या एका वर्षात ९ कोटी २३ लाख प्रवाशांची ये-जा झाली. यांत सर्वांत मोठी संख्या कोणत्या देशाच्या वाटेवरील प्रवाशांची होती? अमेरिका नव्हे, इंग्लंड नव्हे, भारताच्या. सुमारे १ कोटी २० लाख प्रवासी भारतातून तेथे उतरले वा तेथून भारतात आले. यांत नोकरीसाठी आखाती देशांत राहणारे आहेत, व्यापारी आहेत, पर्यटक आहेत. आणि असेही असंख्य आहेत, ज्यांना दुबईत काहीही काम नव्हते. त्यांना जायचे होते लंडनला, टोरांटोला, शिकागोला, फ्रँकफुर्टला. दुबई हा त्यांच्यासाठी मधला थांबा. मध्यरात्री विमान बदलायचे, दोन-चार तास बाकावर काढायचे आणि पुढे निघायचे.

या प्रवाशांत आपल्या जालना जिल्ह्याची मुलेही असतात. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा या तालुक्यांतील शेतकऱ्यांची, शिक्षकांची, व्यापाऱ्यांची मुले शैक्षणिक कर्ज काढून अमेरिकेत आणि जर्मनीत शिकावयास जाऊ लागली, त्याला आता बराच काळ लोटला. त्यांच्या तिकिटाचे पैसे भारतीय कुटुंब देते. कमाई मात्र दुसऱ्या देशाच्या विमान कंपनीची, दुसऱ्या देशाच्या विमानतळाची आणि तेथील रोजगाराची होते. हे कसे घडले, याचा विचार आपण क्वचितच करतो. तिकीट स्वस्त मिळाले की आपले समाधान होते. परंतु ही व्यवस्था आपोआप उभी राहिलेली नाही. ती करारांनी घडली आहे, आणि त्या करारांवर आपल्याच शासनाच्या स्वाक्षऱ्या आहेत.

आकाशाला सीमा असतात

विमान आकाशात उडते म्हणून ते वाटेल तेथे जाऊ शकते, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचे पहिलेच कलम सांगते, की प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. सहावे कलम सांगते, की कोणतीही नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा त्या त्या राष्ट्राच्या अनुमतीवाचून चालविता येणार नाही. म्हणून दोन देशांमध्ये द्विपक्षीय करार होतात. कोणत्या कंपन्या उडतील, कोणत्या शहरांत उतरतील, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने असतील, हे त्यांत ठरते.

या अनुमतींना विमान वाहतुकीच्या परिभाषेत 'स्वातंत्र्ये' म्हणतात. दुसऱ्याच्या आकाशातून पार होण्याचे पहिले, इंधनासाठी वा तांत्रिक कारणाने उतरण्याचे दुसरे, आपल्या देशातून प्रवासी नेण्याचे तिसरे, तेथून परत आणण्याचे चौथे, अशी ही चढण आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते सहावे. एखादी कंपनी मुंबईचा प्रवासी आपल्या देशात नेते आणि तेथे विमान बदलून त्याला तिसऱ्या देशात पोहोचविते. कागदोपत्री तिने मुंबई-दुबई आणि दुबई-न्यूयॉर्क अशा दोन स्वतंत्र सेवा दिलेल्या असतात. प्रत्यक्षात तिने मुंबई-न्यूयॉर्क हा प्रवास विकलेला असतो. भारताने दुबईला दिलेले प्रत्येक आसन हे अशा रीतीने साऱ्या जगाकडे जाणाऱ्या वाटेवरचे आसन होऊन बसते. एक कोटीच्या आसपास वस्ती असलेल्या देशाला जगातील अग्रगण्य विमान कंपनी का उभारता आली, याचे एक मोठे कारण येथे आहे. त्यांना प्रवासी पुरविणारा देश शेजारी होता.

यात त्या देशाचा दोष काढण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या भौगोलिक स्थानाचा उपयोग केला, विमानतळ बांधले, विमाने घेतली, शिस्त राखली. प्रश्न आपल्याला आपल्यालाच विचारावयाचा आहे.

भोगवर्धनचा जुना धडा

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहनकाळी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांच्यासारखेच ते व्यापाराच्या वाटेवरील संपन्न नगर होते. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या शहरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. पुढे १९७० च्या दशकात भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी विलक्षण साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती मिळाली. पाँपेईची मूर्ती याच परिसरात घडली असावी, असे काही अभ्यासकांचे मत त्यामुळे झाले. आज ज्या तालुक्यातील मुलगा परदेशी जाताना तीन वाहने बदलतो, त्या तालुक्याचा माल दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगतात पोहोचत होता!

त्याच काळातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आणखी एक नोंद आहे, आणि ती आपल्या विषयाशी थेट जुळते. कल्याण हे सातवाहनांचे बंदर. परंतु पुढे त्याची नाकेबंदी झाली आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला नेली जाऊ लागली. भडोच तेव्हा सातवाहनांच्या प्रतिस्पर्धी सत्तेकडे होते. माल दख्खनचा, कारागीर दख्खनचे. जकात मात्र परक्या बंदराची. वाट कोणाच्या दारावरून जाते, यावर संपत्ती कोणाच्या घरी राहते हे ठरते. जहाजाच्या जागी विमान आले, एवढाच काय तो फरक.

दिले काय आणि मिळाले काय?

स्वतंत्र भारताची सुरुवात या बाबतीत उमेदीची होती. ८ जून १९४८ रोजी 'एअर इंडिया इंटरनॅशनल'चे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला पोहोचले. स्वातंत्र्याला तेव्हा वर्षही पूर्ण झालेले नव्हते. १९६० मध्ये ही सेवा न्यूयॉर्कपर्यंत गेली. १९६२ मध्ये सर्व विमाने जेट असलेली जगातील पहिली कंपनी म्हणून एअर इंडियाचे नाव झाले. त्या वेळी आखातातील आजच्या बड्या कंपन्या जन्मालाही आलेल्या नव्हत्या.

पुढची कहाणी मात्र उतरणीची आहे. राष्ट्रीयीकृत कंपनीत शासकीय हस्तक्षेप वाढला, विमाने जुनी झाली, वेळापत्रक कोलमडले. १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना देशांतर्गत मार्ग खुला झाला. परदेशी उड्डाणांसाठी मात्र २००४ मध्ये अट घालण्यात आली, की कंपनीला देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण झाली पाहिजेत आणि तिच्याकडे वीस विमाने हवीत. २०१६ मध्ये पाच वर्षांची अट गेली. तोवर एक विचित्र दृश्य देशाने पाहिले. नव्या भारतीय कंपनीला परदेशी उडण्यास मज्जाव, आणि परदेशी कंपनीला भारतीय शहरांत उतरण्यास पायघड्या!

याच काळात आखाती देशांना देण्यात आलेली आसने झपाट्याने वाढली. २०११ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नागरी विमान वाहतुकीवरील आपल्या अहवालात या उदार वाटपावर कठोर ताशेरे ओढले. आखाती कंपन्या सहाव्या स्वातंत्र्याच्या मार्गाने भारतीय प्रवासी तिसऱ्या देशांत नेत आहेत आणि एअर इंडियाला त्याचा फटका बसत आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तरीही गाडी थांबली नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी अबू धाबीच्या एतिहाद कंपनीने जेट एअरवेजमधील २४ टक्के भाग सुमारे २,०५८ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास अबू धाबीसाठी आठवड्याला ३६,६७० आसने वाढवून देण्याचा करार झाला. एकूण मर्यादा ५० हजारांवर गेली. २०१४ मध्ये दुबईची मर्यादा ५४,२०० वरून ६५,२०० आसनांवर नेण्यात आली.

जेटचे पुढे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे शेवटचे विमान उतरले. हजारो कर्मचारी रस्त्यावर आले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दिवाळखोरी-विसर्जनाचा आदेश दिला. एका भारतीय कंपनीला सावरण्याच्या निमित्ताने जे हक्क देण्यात आले, ते कंपनी गेल्यावरही मागे राहिले. कंपन्या येतात आणि जातात. आंतरराष्ट्रीय करारात एकदा लिहून दिलेले आसन परत घेणे सोपे नसते.

केवळ कुलूप लावून भागेल काय?

यावर एक सोपे उत्तर सुचते: हक्क वाढवूच नयेत, दार बंद करावे. २०१४ नंतर दुबईने वारंवार अधिक आसने मागितली आणि दिल्लीने बराच काळ हात आखडता घेतला. टाटा समूहाने २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया ताब्यात घेतली, २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानांची मागणी नोंदविली. इंडिगोने २०२४ मध्ये दूर पल्ल्याच्या ३० एअरबस ए-३५० विमानांची मागणी नोंदविली आणि २०२५ च्या जुलैमध्ये भाड्याच्या विमानांनी मुंबईहून मँचेस्टर व ॲम्स्टरडॅम या सेवा सुरू केल्या. आपल्या कंपन्यांना पाय रोवण्यास अवधी मिळावा, हे शासनाचे धोरण तत्त्वतः योग्यच आहे.

परंतु या धोरणाची किंमत कोण मोजतो, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. आसने मर्यादित राहिली की सणावारांच्या दिवसांत भाडी भडकतात. आखातात गवंडीकाम, वाहनचालकाचे वा स्वयंपाक्याचे काम करणारा माणूस केरळचा असो की मराठवाड्याचा, आई आजारी पडल्यावर त्याला महिन्याचा पगार तिकिटावर घालावा लागतो. परदेशी कंपन्या आल्यामुळे भाडी उतरली आणि सामान्य माणूस विमानात बसू शकला, हा युक्तिवाद खोटा नाही. त्याच्या माथी 'स्वदेशी'चा उपदेश मारून आपल्या कंपन्यांची अकार्यक्षमता झाकणे, हे स्वदेशीच्या विचारालाच बदनाम करणारे ठरेल. स्वदेशी म्हणजे ग्राहकाला वेठीस धरण्याचा परवाना नव्हे.

शिवाय संकटे बाहेरूनही येतात. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा घ्यावा लागला, इंधन आणि वेळ दोन्ही वाढले. परदेशी कंपन्यांना मात्र तो मार्ग मोकळा होता. आकाशावरील सार्वभौमत्व हे दुधारी शस्त्र आहे, याचा हा प्रत्यक्ष अनुभव. अशा वेळी आपल्या कंपन्यांच्या पाठीशी राष्ट्राने उभे राहिलेच पाहिजे. पण त्या पाठबळाच्या बदल्यात राष्ट्राला काय मिळणार, हे आधी ठरले पाहिजे.

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. आकाशमार्गाचा हक्क ही राष्ट्राची सामाईक संपत्ती आहे. ती परक्यांना उधळून देणे जसे चूक, तसेच ती दोन-तीन भारतीय कंपन्यांच्या तिजोरीत निष्क्रिय ठेवणेही चूक. ज्याला हक्क दिला, त्याने तो राबविला पाहिजे, आणि त्याचे फळ देशाच्या अंतर्भागापर्यंत पोहोचविले पाहिजे.

वेळेलाही बाजारभाव आहे

हक्क मिळाला तरी विमान उडतेच असे नाही. उतरण्यासाठी आणि उडण्यासाठी विमानतळावर ठरलेली वेळ लागते. या नेमून दिलेल्या वेळेला 'स्लॉट' म्हणतात. गर्दीच्या विमानतळांवर स्लॉट सोन्याहून महाग झाले आहेत. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दोनच धावपट्ट्या आहेत आणि वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाण-अवतरणांची कायदेशीर मर्यादा आहे. तेथील तीन स्लॉट-जोड्यांसाठी २०१३ मध्ये एतिहादने जेटला ७ कोटी डॉलर दिले आणि त्याच वेळा जेटला वापरण्यास भाड्याने दिल्या. २०१६ मध्ये ओमान एअरने एकाच जोडीसाठी ७.५ कोटी डॉलर मोजल्याचे प्रसिद्ध झाले. जमीन नाही, इमारत नाही, यंत्र नाही. केवळ घड्याळातील एक वेळ!

मुंबईची स्थिती याहून बिकट. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीचाच वापर होतो. गर्दीच्या तासाला ४६ उड्डाण-अवतरणे होत. २०२४ च्या आरंभी विलंब आणि आकाशातील घिरट्या कमी करण्यासाठी ती ४४ वर आणण्यात आली. स्लॉटचे वाटप वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकासाठी होते. आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार ज्या कंपनीने हंगामात आपली वेळ निदान ८० टक्के वापरली, तिला पुढील वर्षी तीच वेळ मिळते. म्हणजे जुन्याचा हक्क कायम, आणि नव्याला उरलेसुरले. मोठी विमाने, मोठे मार्ग, मोठ्या कंपन्या आत. लहान शहराचे लहान विमान दाराबाहेर.

चिकलठाण्याची कहाणी

आता जालन्याकडे वळू. जालना शहरापासून चिकलठाणा विमानतळ पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यावरच तो आहे. त्यामुळे त्यास जालन्याचाही विमानतळ म्हणण्यास हरकत नाही. सुमारे ९,३०० फुटांची धावपट्टी, नवी टर्मिनल इमारत, शेजारी औद्योगिक वसाहत, जवळच अजिंठा-वेरूळ. हज यात्रेची विशेष विमाने येथून थेट सुटलेली आहेत. म्हणजे परदेशी उड्डाण येथून होऊ शकते, हे सिद्ध झालेले आहे.

हक्काची गोष्ट तर याहून लक्षणीय. दोन दशकांपूर्वी भारताने आग्नेय आशियातील 'आसियान' देशांच्या कंपन्यांना अठरा पर्यटनस्थळी मुक्तपणे विमाने आणण्याची मुभा दिली. त्या अठरा नावांत तेव्हाचे औरंगाबाद होते. त्याच यादीतील गयेला बँकॉकसारख्या शहरांतून बौद्ध यात्रेकरूंची विमाने येऊ लागली. ज्या अजिंठ्याची चित्रे पाहण्यासाठी जग लोटते, त्याच्या विमानतळावर मात्र अशी नियमित सेवा रुजली नाही. हक्क कागदावर होता. त्यामागे प्रयत्न नव्हता, नियोजन नव्हते, पाठपुरावा नव्हता. नागपूरने दोहा आणि शारजाशी नाते जोडले, पुण्याहून दुबईला विमाने गेली. मराठवाडा यादीत राहिला.

देशांतर्गत सेवेचीही तीच कथा. २०१९ मध्ये जेट बंद पडली आणि मुंबईशी असलेला दुवा एका फटक्यात क्षीण झाला. जेटचे मुंबईतील शेकडो स्लॉट मोकळे झाले आणि ते इतर कंपन्यांना वाटले गेले. ज्या वेळेचे विमान मराठवाड्याला जोडत होते, ती वेळ मराठवाड्याचीच राहावी, असा नियम कोठेही नव्हता. 'उडान' योजनेखाली २०१७ च्या डिसेंबरात जळगाव आणि नाशिकहून मुंबईला लहान विमाने सुरू झाली. त्यांची सर्वांत मोठी अडचण मुंबईत सोयीचा स्लॉट मिळण्याची होती. भल्या पहाटे वा अडनिड्या वेळी विमान सुटले की प्रवासी मिळत नाही. प्रवासी मिळत नाही म्हणून विमान बंद होते. आणि विमान बंद झाले की 'तेथे मागणीच नाही' असा शेरा मारला जातो. मागणी मारून टाकायची आणि मग तिच्या अभावाचा दाखला द्यायचा, हा न्याय विचित्र आहे.

मागणी नाही, असे कोण म्हणतो?

'जालना, सोने का पालना' ही म्हण उगीच पडलेली नाही. १९६४ मध्ये याच शहरात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना आणि लगतच्या देऊळगावराजा परिसरातील शेतकरी शेडनेटमध्ये संकरित भाजीपाल्याचे बियाणे तयार करतात. बियाणे हा वजनाने हलका आणि मोलाने भारी माल. तो वेळेत पोहोचला तर सोने, हंगाम चुकला तर माती. मोसंबीला जालन्याच्या नावाचे भौगोलिक मानांकन आहे, कडवंचीची द्राक्षे राज्यभर नावाजलेली आहेत, पोलाद कारखान्यांच्या सळया देशभर जातात. दूर पल्ल्याच्या प्रवासी विमानाच्या पोटातही माल जातो, हे अनेकांना ठाऊक नसते. अशा विमानाशी जिल्ह्याचा दुवा नीट जुळला, तर त्याचा लाभ प्रवाशापुरता राहत नाही.

भूमार्गाने जालना आता पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्णपणे खुला झाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि पुढे ती नांदेडपर्यंत गेली. ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. रस्ता आला, रेल्वे आली, बंदराचे दार येऊ घातले. साखळीतील उरलेली कडी आकाशातील आहे.

आजही परदेशी जाणारा विद्यार्थी बहुधा सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास रस्त्याने वा रेल्वेने करून मुंबई गाठतो. दूर पल्ल्याची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. सोबत आई-वडील, दोन मोठ्या बॅगा, आणि उशीर झाला तर विमान चुकण्याची धास्ती. हाच मुलगा चिकलठाण्याला संध्याकाळी बॅगा देऊन थेट आपल्या मुक्कामी त्या घेऊ शकला, तर त्याच्या कुटुंबाला या देशाचे विमान वाहतूक धोरण खऱ्या अर्थाने कळेल.

काय करावयास हवे?

पहिली गोष्ट, परदेशी कंपन्यांना अधिक आसने द्यावयाची असतील तर ती टप्प्याटप्प्याने आणि मोबदला घेऊनच द्यावीत. आपल्या कंपन्यांना त्यांच्या विमानतळावर सोयीच्या वेळा मिळाव्यात, आणि वाढीव आसनांतील काही वाटा महानगरांबाहेरील शहरांसाठी राखलेला असावा. मुंबईसाठी मागितले की मुंबईच द्यायची, हा वाटाघाटीचा मार्ग नव्हे.

दुसरी गोष्ट, भारतीय कंपन्यांना वाटलेले आंतरराष्ट्रीय हक्क त्यांनी ठराविक मुदतीत वापरले नाहीत तर ते काढून दुसऱ्या भारतीय कंपनीला द्यावेत. आमच्यासाठी दार बंद ठेवा असे म्हणणाऱ्याने घरात चूलही पेटविली पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९९४ पासून आपल्याकडे मार्ग-विभाजनाचा नियम आहे. मुंबई-दिल्लीसारख्या लाभदायक मार्गांवर विमाने चालविणाऱ्या कंपनीने ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप यांसारख्या भागांतही ठराविक प्रमाणात सेवा दिलीच पाहिजे, हे त्याचे सूत्र. लाभासोबत दायित्व, हा विचार आपल्या मातीतला आहे. तोच विचार दूर पल्ल्याच्या हक्कांना आणि मुंबईच्या स्लॉटना लावावा. जी कंपनी मुंबईहून लंडन वा न्यूयॉर्कचा हक्क वापरते, तिने मराठवाडा, विदर्भ, खानदेशातील विमानतळांना त्या उड्डाणाशी जुळणारी जोडसेवा द्यावी.

चौथी गोष्ट नवी मुंबईची. या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. येथील वेळापत्रक अद्याप घडते आहे. जुन्या हक्कांचे खडक अजून बसलेले नाहीत. राज्यातील अंतर्भागाच्या विमानतळांसाठी काही स्लॉट आताच कायमचे राखून ठेवले, तर ते शक्य आहे. पाच वर्षांनी मागितले तर उत्तर मिळेल, जागा नाही. यात एक दक्षताही हवी. मराठवाड्याचे विमान एका विमानतळावर आणि दूर पल्ल्याचे दुसऱ्यावर, असे झाले तर प्रवाशाला मुंबईच्या रहदारीत बॅगा घेऊन धावावे लागेल, आणि जोडसेवा नावापुरती उरेल.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःकडची. चिकलठाण्याच्या धावपट्टीचा विस्तार, सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणीची कायम व्यवस्था, मालवाहतुकीसाठी शीतगृह, यांचा पाठपुरावा जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र केला पाहिजे. उद्योजकांच्या संघटनांनी जिल्ह्यातून वर्षाला किती प्रवासी आणि किती माल परदेशी जातो, याची नोंद गोळा करून दिल्लीसमोर ठेवावी. भाषणातील मागणी फायलीत जात नाही. आकड्यांतील मागणी जाते.

रस्ता, पाणी आणि वीज यांचे वाटप न्याय्य असावे, हे आपण मान्य केले आहे. त्यासाठी आंदोलने केली, समित्या नेमल्या, अनुशेष मोजला. आकाशाचा अनुशेष मात्र कोणी मोजलेला नाही, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. शिकागोच्या करारातील पहिले कलम आकाशावरील सार्वभौमत्व राष्ट्राला देते. राष्ट्र म्हणजे केवळ दिल्ली आणि मुंबई नव्हे. भोकरदनच्या आणि परतूरच्या डोक्यावरचे आकाशही त्याच सार्वभौमत्वाचा भाग आहे, आणि त्या आकाशातून रोज रात्री पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांच्या मिळकतीत तेथील माणसाचाही वाटा आहे. तो वाटा त्याने आता हक्काने मागितला पाहिजे.